‘काउंट’ वाढला म्हणजे काय झालं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या आरोग्यविषयक भाषणाचं शब्दरूप)



आरती नुकतीच झाली आहे, प्रसाद अजून वाटायचा आहे, आणि या दोहोंच्या मध्ये आमचं भाषण आहे. तेव्हा फार लांबण लावून चालणार नाही, याची आम्हाला जाणीव आहे.

आपला उत्सव भाद्रपदात येतो आणि भाद्रपद हे तापाचेही दिवस. साचलेलं पाणी, डास, ओलसर हवा. घरटी कुणी ना कुणी आजारी असतंच. डेंग्यू असो, मलेरिया असो, टायफॉइड असो की नुसता ‘व्हायरल’. डॉक्टर चिठ्ठीवर पहिली तपासणी लिहितात ती सीबीसी. जुनी मंडळी तिला अजून ‘टीसी-डीसी’ म्हणतात. आम्ही प्रयोगशाळेत बसून रक्त पाहणारी माणसं. हे दिवस आमच्या हंगामाचे. रिपोर्टच्या खिडकीवर आम्हाला वर्षानुवर्षं दोन प्रश्न ऐकू येतात. पहिला, “काउंट वाढलेत का हो?” आणि दुसरा, “पांढऱ्या पेशी वाढवायला काय खायचं?”

या दोन प्रश्नांचं आपसात जमत नाही, हे आपल्या लक्षात आलं असेल. पहिल्यात पेशी वाढल्याची धास्ती आहे, दुसऱ्यात त्या वाढाव्यात अशी इच्छा आहे. मग वाढणं चांगलं की वाईट? आज आम्ही एवढंच सांगायला उभे आहोत की, नुसत्या आकड्यावरून हे ठरत नाही. पांढऱ्या पेशींचं खरं बळ तीन गोष्टींत असतं. त्या वेळेवर पोहोचतात का, जुना शत्रू ओळखतात का, आणि काम झालं की थांबतात का. या तिन्ही गोष्टी कळल्या, तर रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायचं कधी आणि निवांत राहायचं कधी, हेही कळेल. आणि एका प्रसंगी तर एका रात्रीचाही उशीर का करायचा नाही, तेही कळेल.

एका थेंबातली वस्ती

मिलिमीटरभर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी एक डबी कल्पना करा. तिच्यात मावेल एवढ्या रक्तात निरोगी माणसाच्या तांबड्या पेशी साधारण ४५ ते ५० लाख असतात आणि पांढऱ्या पेशी फक्त ४,००० ते ११,०००. म्हणजे ढोबळमानाने सहाशे-सातशे तांबड्या पेशींमागे एक पांढरी. रिपोर्टमधला ‘टोटल काउंट’ तो हाच.

खरं तर या पेशींना रंग नसतो. रक्ताची नळी यंत्रात जोरात फिरवली की तांबडा गाळ खाली बसतो, पिवळसर द्रव वर राहतो आणि दोहोंच्या मध्ये सायीसारखा एक पातळ पांढुरका थर दिसतो. तो या पेशींचा. म्हणून त्या पांढऱ्या. त्या ओळखायच्या तर त्यांना रंगवावं लागतं. जर्मनीत पाउल एर्लिख यांनी १८७९ च्या सुमारास कापडाच्या रंगांनी पेशी रंगवून त्यांचे प्रकार वेगळे केले. आज आपल्याकडच्या बहुतेक प्रयोगशाळांत जो रंग वापरतात, तो विल्यम लीशमन यांनी १९०१ मध्ये सोपा करून दिलेला. काचेवर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळवायचा, रंग घालायचा, धुवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. मग एकेक करून शंभर पांढऱ्या पेशी मोजायच्या. त्यांत कोणती जात किती, ती टक्केवारी म्हणजे ‘डीसी’. आता यंत्रं हे काम मिनिटभरात करतात. पण यंत्राला शंका आली की आजही डोळ्यांनीच पाहावं लागतं.

दिसतं ते मोठं सुंदर असतं. न्यूट्रोफिल पेशीचं केंद्रक जांभळं, तीन ते पाच तुकडे दोऱ्यात ओवल्यासारखं. लिम्फोसाइट लहान, गोल, केंद्रकाने जवळजवळ भरून गेलेली. मोनोसाइट सगळ्यांत मोठी, तिच्या केंद्रकाला राजम्याच्या दाण्यासारखी खाच. इओसिनोफिलमध्ये थेट गणपतीच्या शेंदराची आठवण व्हावी असे शेंदरी दाणे. आणि क्वचित भेटणारी बेसोफिल, काळ्या-जांभळ्या दाण्यांनी गच्च. मोठ्या माणसात शंभरापैकी ४० ते ७० न्यूट्रोफिल, २० ते ४० लिम्फोसाइट, थोड्या मोनोसाइट, त्याहून थोड्या इओसिनोफिल, आणि बेसोफिल जेमतेम एखादी. लहान मुलांत मात्र लिम्फोसाइटच जास्त असतात. नातवाचा रिपोर्ट स्वतःच्या रिपोर्टशेजारी ठेवून घाबरणाऱ्या आजी-आजोबांनी एवढं ध्यानात ठेवावं.

हाक मारली की धावणारे

आता पहिली गोष्ट, वेळेवर पोहोचणं. ही कशी समजली त्याची हकिगत ऐकण्यासारखी आहे. १८८२ चं साल. इल्या मेचनिकॉफ नावाचे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावर मेसिना इथे राहत होते. एके दिवशी घरची मंडळी सर्कस बघायला गेली आणि हे एकटेच सूक्ष्मदर्शकापाशी बसले. समोर तारामाशाच्या अळ्या होत्या, काचेसारख्या पारदर्शक. त्यांच्या शरीरात काही पेशी इकडून तिकडे फिरताना दिसत होत्या. त्यांच्या मनात आलं, बाहेरून काही घुसलं तर या पेशी तिकडे धावतील का? अंगणात जाऊन त्यांनी गुलाबाचे काटे आणले आणि अळीच्या कातडीखाली टोचले. रात्रभर त्यांना झोप आली नाही. सकाळी पाहतात तो काट्याभोवती त्या फिरत्या पेशींचा गराडा पडलेला.

काटा रुतल्यावर आपल्या बोटातही हेच होतं. जखमेजवळच्या पेशी रासायनिक हाक देतात. तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून बोट लाल आणि गरम होतं. द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. रक्तातून वाहत चाललेल्या न्यूट्रोफिल त्या जागी वाहिनीच्या भिंतीला चिकटत, लोळत मंदावतात आणि दोन पेशींमधल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. जंतू दिसला की त्याला वेढून गिळतात आणि पोटात घेऊन मारतात. काही तर मरताना स्वतःच्याच केंद्रकातले धागे जाळ्यासारखे फेकून जंतू अडकवतात. हे २००४ मध्ये उमगलं. या लढाईत त्या बहुतेक मरतातच. गळू फुटल्यावर जो पू येतो, त्यात याच पेशी लाखोंनी असतात. ठणका, लाली, सूज, पू यांना आपण आजार म्हणतो; खरं तर ती मदत पोहोचल्याची खूण आहे.

न्यूट्रोफिलचं आयुष्य थोडं, रक्तात काही तासांपासून फार तर काही दिवसांपर्यंत. म्हणून हाडांमधली मज्जा रोज सुमारे १०,००० कोटी नव्या न्यूट्रोफिल तयार करते. संसर्ग झाला की मज्जा राखीव साठा रक्तात सोडते आणि काउंट वाढतो. मागणी फार असेल तर पूर्ण न पिकलेल्या पेशीही बाहेर येतात आणि आम्हाला त्या काचेवर दिसतात.

न्यूट्रोफिल संपल्या की मोनोसाइट येतात. रक्ताबाहेर पडून त्या ‘मॅक्रोफेज’ होतात. मेलेल्या पेशी, जंतूंचे अवशेष, सगळा पसारा त्या आवरतात. मांडव उतरवायला शेवटपर्यंत थांबणारे कार्यकर्ते असतात ना, तसे हे. जे जंतू मरत नाहीत त्यांना त्या घेरून ठेवतात. क्षयाचा जंतू हे त्याचं मोठं उदाहरण. कित्येकांच्या फुप्फुसात तो वर्षानुवर्षं या वेढ्यात निपचित पडलेला असतो आणि माणूस ठणठणीत असतो. कुपोषण, अनियंत्रित मधुमेह किंवा दुसऱ्या कशाने वेढा सैल झाला की तो डोकं वर काढतो.

इओसिनोफिल वाढल्या तर जंत, ॲलर्जी, दमा यांचा विचार करावा लागतो. हत्तीरोगाच्या कृमीमुळे रात्री खोकल्याची उबळ येते आणि इओसिनोफिल प्रचंड वाढतात, असाही एक विकार आपल्या देशात आहे.

न विसरणारे

दुसरी गोष्ट, ओळख. हे काम लिम्फोसाइटचं. मज्जेतून निघून छातीतल्या थायमस ग्रंथीत तालीम घेतात त्या टी, आणि मज्जेतच तयार होतात त्या बी. प्रत्येक लिम्फोसाइटच्या अंगावर एकाच विशिष्ट आकाराचं कुलूप असतं. ती कोट्यवधी वेगवेगळी कुलपं रक्तात आणि लसीका ग्रंथींत फिरत असतात. एखादा जंतू आला की ज्या पेशीच्या कुलपात त्याची किल्ली बसते, ती पेशी झपाट्याने वाढू लागते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे दुखरी गाठ येते. ती या वाढीमुळेच. बी पेशी प्रतिपिंडं सोडतात, काही टी पेशी रोगट पेशींना मारतात, काही टी पेशी बाकीच्यांना हुकूम देतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका या हुकूम देणाऱ्या पेशी गाठतो, म्हणून बाकी सगळे जागेवर असूनही घर उघडं पडतं.

पहिल्यांदा ही तयारी व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. लढाई संपल्यावर बहुतेक पेशी मरतात. पण थोड्या मागे राहतात. त्या स्मृतिपेशी. तोच जंतू पुन्हा आला तर त्या दोन-तीन दिवसांत उभ्या राहतात, बऱ्याचदा आपल्याला पत्ताही न लागू देता.

ही आठवण किती टिकते? उत्तर अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर १८४६ मध्ये गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या आसपास लोक आजारी पडले. पेटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तपासाला गेला. त्याला दिसलं की, १७८१ च्या साथीत ज्यांना लहानपणी गोवर झाला होता, ते म्हातारे-म्हाताऱ्या या वेळी सुटले होते. मधली पासष्ट वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हता. तरी शरीर विसरलं नव्हतं.

आता आम्ही बडोद्याकडे येतो, कारण या विद्येचा एक धडा आपल्या उंबऱ्यापाशीच गिरवला गेला आहे. मेचनिकॉफ यांचे ओडेसातले एक विद्यार्थी होते, वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा सरकारने त्यांना तिथे पाठवलं. ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत त्यांनी प्लेगचे जंतू वाढवले, उष्णतेने मारले आणि त्या मेलेल्या जंतूंची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी ती पहिल्यांदा टोचून घेतली ती स्वतःला. परळच्या हाफकिन संस्थेला त्यांचं नाव आहे, हे आपण जाणताच.

पण लस उपयोगी आहे हे सिद्ध कसं करायचं? १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्लेग शिरला होता. तिथे हाफकिन यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस टोचली आणि निम्म्यांना नाही. घर एक, पाणी एक, उंदीर-पिसवाही त्याच. पुढच्या काही आठवड्यांत २८ कुटुंबांत प्लेग झाला. त्या कुटुंबांत लस घेतलेली माणसं ७१ होती, न घेतलेली ६४. लस घेतलेल्यांपैकी ८ आजारी पडली, ३ दगावली. न घेतलेल्यांपैकी २७ आजारी पडली, २६ दगावली.

हे आकडे आम्ही मुद्दाम सावकाश वाचले. एका छपराखाली राहणाऱ्या, एकाच चुलीवरचं जेवणाऱ्या माणसांत हा फरक कशाने पडला? लस घेतलेल्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी इतरांपेक्षा संख्येने जास्त होत्या म्हणून नव्हे. त्यांना शत्रूची ओळख आधी पटवून दिलेली होती म्हणून. त्या दिवशी कुणी त्यांचा टोटल काउंट केला असता, तर दोन्ही गटांत तो एकसारखाच निघाला असता. लिम्फोसाइट हे काम करतात हे कळायला पुढे आणखी साठेक वर्षं गेली. स्वतः हाफकिन यांनाही ते माहीत नव्हतं. पण आठवण नावाची ताकद आकड्यात दिसत नाही, हे उंढेऱ्यात कायमचं लिहून ठेवलं गेलं.

आणि ही आठवण पुसलीही जाऊ शकते. गोवर नेमका स्मृतिपेशींवर घाव घालतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की, गोवर झालेल्या मुलांनी इतर रोगांविरुद्ध आधी मिळवलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गमावली. “आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर व्हायचा, काय झालं?” असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. गोवराची लस केवळ गोवरापासून वाचवत नाही. शरीराची बाकीची वहीही फाटू देत नाही.

‘पुरे’ म्हणणारे

तिसरी गोष्ट, थांबणं. ही सगळ्यांत उशिरा कळली आणि आमच्या मते सगळ्यांत कमी सांगितली जाते. शत्रू ओळखणारी कुलपं जर कोट्यवधी असतील, तर त्यांतली काही आपल्याच शरीराला लागू पडणार, हे उघड आहे. बहुतेक अशा पेशी थायमसमध्येच बाद होतात. पण सगळ्या नाही. मग त्यांना कोण आवरतं? शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवलं की, काही टी पेशींचं कामच मुळी इतरांना आवरणं हे आहे. अमेरिकेत मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यामागचं जनुक शोधलं. २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं ते यासाठी.

ज्या मुलांत हे जनुक बिघडलेलं असतं, त्यांच्या पांढऱ्या पेशी स्वतःच्याच आतड्यांवर, त्वचेवर, स्वादुपिंडावर तुटून पडतात. पेशी कमी नसतात, त्यांना लगाम नसतो. सांधे वाकडे करणारा संधिवात, लहान मुलांचा मधुमेह, थायरॉइडचे कित्येक विकार यांत कमी-अधिक प्रमाणात हाच प्रकार आहे. कोविडच्या दिवसांत अनेक रुग्णांच्या फुप्फुसांची नासाडी विषाणूपेक्षा बेभान झालेल्या प्रतिकारानेच अधिक केली, हे आपण फार जवळून पाहिलं.

म्हणून दुकानात ‘इम्युनिटी बूस्टर’ असं लिहिलेला डबा दिसला की स्वतःला एक प्रश्न विचारावा. यातलं नेमकं काय वाढणार? धावणारे, आठवणारे की आवरणारे? यांपैकी एकालाच फुगवणं हे आरोग्य नव्हे. निरोगी माणसाला आपला काउंट वाढवायची गरजच नसते. काढा आवडतो म्हणून प्या, हळदीचं दूध आवडतं म्हणून प्या; पण त्याच्या भरवशावर लस टाळू नका आणि औषध बंद करू नका.

आता रिपोर्ट उघडा

एवढं कळल्यावर खिडकीवरच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. काउंट १३,००० आला तर? जंतुसंसर्ग असू शकतो. पण जिना धावत चढून रक्त दिलं, मूल रडून रडून दमलं, बाई गरोदर आहे, मनावर ताण आहे, तरीही आकडा वर जातो. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तर हमखास जातो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल त्या औषधाने सुटून प्रवाहात येतात. म्हणजे आकडा वाढतो, आणि त्याच वेळी जखमेकडे जाण्याची त्यांची ताकद कमी होते. आकडा फसवू शकतो याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

आणि ३,००० आला तर? डेंग्यूत तो कमी होतोच, इतर विषाणूजन्य तापांतही होतो. टायफॉइडमध्येही तो वाढेलच असं नाही. डेंग्यूत घरचे लोक प्लेटलेटकडे डोळे लावून बसतात. पण बऱ्याचदा पांढऱ्या पेशी आधी सावरायला लागतात. म्हणून एका आकड्यापेक्षा कल पाहावा आणि माणूस पाहावा. लघवी होते का, पोटात दुखतं का, हातपाय गार पडतात का, हे डॉक्टरांना सांगणं रिपोर्टइतकंच महत्त्वाचं.

आकडा लाखाच्या घरात गेला, किंवा काचेवर नको त्या कोवळ्या पेशी दिसल्या, तर गोष्ट वेगळी. तो रक्ताचा कर्करोग असू शकतो. तिथे पेशी उदंड असतात आणि त्यांतल्या बऱ्याच कामाच्या नसतात. अशा वेळी रक्ततज्ज्ञांकडे जायला वेळ लावू नये. यांतले कित्येक प्रकार आज औषधांनी आटोक्यात राहतात किंवा बरेही होतात.

जिथे रात्र दवडायची नाही

आता ज्यासाठी आम्ही हे भाषण स्वीकारलं, ते सांगतो. आपल्या मंडळातल्या कित्येक घरांत आज कुणाची ना कुणाची केमोथेरपी चालू आहे. ही औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात आणि मज्जा हा तर भराभर वाढणाऱ्या पेशींचा कारखाना. त्यामुळे डोस दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत न्यूट्रोफिल तळाला जातात. या काळात ताप आला तर तो ‘व्हायरल’ समजायचा नाही.

आमच्या पाहण्यातल्या एका काकूंचा केमोनंतरचा दहावा दिवस होता. संध्याकाळी १०१ ताप आला. घरात उत्सवाची गडबड, पाहुणे आलेले. खोकला नाही, घसा दुखत नाही, कुठे गळू नाही, लघवीला जळजळ नाही. पॅरासिटामॉल दिली, ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं. पहाटे थंडी वाजून रक्तदाब घसरला. रक्त आमच्याकडे आलं तेव्हा टोटल काउंट ७००, त्यात न्यूट्रोफिल २० टक्के. म्हणजे ७०० चे २० टक्के, १४०. असायला हव्या होत्या दीड-दोन हजारांच्या वर. सूक्ष्मदर्शकाखाली काच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली, तरी एकेक न्यूट्रोफिल शोधावी लागत होती. काकू वाचल्या, पण अतिदक्षता विभागात आठवडा काढून.

त्यांच्या घरच्यांना खूण का दिसली नाही? कारण खूण करणारेच उरले नव्हते. लाली, सूज, पू, बेडका ही सगळी न्यूट्रोफिल पोहोचल्याची चिन्हं, हे मघाशी सांगितलं. त्या नसतील तर जंतू रक्तात हिंडतो आणि अंगावर काहीच दिसत नाही. फक्त ताप दिसतो. म्हणून अशा रुग्णाला १००.४ किंवा त्याहून जास्त ताप आला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना फोन करायचा आणि सांगतील तिथे ताबडतोब निघायचं. त्यांना विचारल्याशिवाय ताप उतरवायची गोळी द्यायची नाही. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून प्रतिजैविक सुरू व्हावं, असं वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्यामुळे दारातच सांगा, “केमो चालू आहे, ताप आहे.” या दोन वाक्यांनी रांग पुढे सरकते आणि जीव वाचू शकतो.

आणि अशा घरी दर्शनाला, चौकशीला जाणाऱ्यांनीही भान ठेवावं. सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये, फोनवर बोलावं. त्या माणसाने यंदा मांडवात येण्याचं टाळलं, तर राग मानू नये. बाप्पाला सगळं समजतं. आपणही समजून घ्यावं.

मग करायचं काय?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं, पांढऱ्या पेशी वाढवायला काय खायचं. उत्तर असं की, वाढवू नका, बिघडवू नका. रक्तातली साखर सतत चढी असेल तर न्यूट्रोफिल संख्येने पुरेशा असूनही सुस्त होतात. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने गुजरात आणि महाराष्ट्रात जो कहर केला, त्यामागे चढी साखर आणि स्टेरॉइडचा बेसुमार वापर ही जोडी होती. तेव्हा मोदक जरूर खा, मधुमेह असेल तर मोजून खा आणि तपासणी चुकवू नका. औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने स्टेरॉइड घेऊ नका. प्रतिजैविकं विषाणूंवर चालत नाहीत, तेव्हा प्रत्येक तापाला ती मागू नका. मुलांच्या लसी वेळेवर द्या. आणि लसी फक्त मुलांसाठी असतात, ही समजूत सोडा. साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी फ्लूच्या आणि न्यूमोनियाच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारावं. वयाबरोबर आपल्या पेशींची नवं शिकण्याची क्षमता मंदावते. तेव्हा शिकवणी लवकर लावलेली बरी.

मंडळ कशाने चालतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. नुसती गर्दी जमली म्हणजे उत्सव होत नाही. हाकेला धावणारी पोरं लागतात, मागच्या वर्षी कुठे काय चुकलं ते आठवणारी ज्येष्ठ मंडळी लागतात, आणि दहा वाजले, आता ध्वनिक्षेपक बंद करा, असं ठणकावून सांगणारं कुणीतरी लागतं. रक्तातही तसंच आहे. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात येईल तेव्हा आकड्यासोबत या तिघांची आठवण ठेवा. आणि ज्यांच्या घरी केमो चालू आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर दोन कामं करावीत. थर्मामीटर चालतो का ते पाहावं आणि डॉक्टरांचा रात्रीचा नंबर फ्रिजवर चिकटवावा.

 आता प्रसादाला उशीर नको.

गणपती बाप्पा मोरया!